मला बघून एकही मूल रडत नाही

२ मार्च
डॉक्टरसाहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या उत्कृष्ट नर्सचा पुरस्कार यंदा आपल्याच केंद्रातल्या कुणाला तरी मिळणार. 'कुणाला तरी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. (घड्याळ माझ्या मागे आहे. पण तरीही.)

स्पर्धेला आहे कोण? एक जांभईबाई, एक कायम रजेवर, आणि ती मुंगी. सगळा आनंदीआनंद. मुंगी म्हणजे आमची धाकटी नर्स. उंची एवढीशी, आवाज एवढा मोठा, दिवसभर लोकांचे जिने चढते-उतरते. अक्कल नसली की पायांना राबावं लागतं. ती गल्लीत शिरली की पोरं भोकाड पसरतात. मला बघून वॉर्डातलं एकही मूल रडत नाही. हे उपजत असावं लागतं. भाषणात घ्यावं.

४ मार्च
गोवराच्या लसीची मोहीम सुरू. घरोघर जायचं, मुलांना टोचायचं, दारावर खडूने गोल काढायचा. गोल म्हणजे या घरात एकही मूल राहिलेलं नाही.

शुभारंभ माझ्याच दारापासून. मी गोल काढताना क्लार्कने फोटो काढला. गोल सुरेख आला. तेवढ्यात सून मध्येच. म्हणे, आई, पण बाळाला अजून टोचलं कुठे? नऊ महिने पूर्ण झाले त्याला. सांगितलं, घरचंच काम आहे, संध्याकाळी निवांत टोचते. चार लोकांत असलं बोलायचं नसतं, एवढंही कळत नाही.

स्टाफला ऑर्डर काढली. गोल दिसला की बेल वाजवायची नाही, पुढे चला. मॅनेजमेंट म्हणतात ते हेच.

५ मार्च
काल टोचायचं राहिलं. शिंप्याकडे गेले होते. समारंभाचा ड्रेस. उद्या नक्की.

६ मार्च
लस बर्फाच्या डब्यातून आणावी लागते. डबा मुंगीने नेलेला. मी काय करणार?

९ मार्च
भाषणाची प्रॅक्टिस, आरशासमोर. सुरुवात अशी: पुरस्कारासाठी मी कधी काम केलं नाही. हे पेपर वाचत होते. म्हणाले, पहिला शब्द गाळलास तरी चालेल. तीस वर्षं या माणसाबरोबर काढली. खरं म्हणजे पुरस्कार त्यासाठीच द्यायला हवा.

सूनबाईने पुन्हा लसीचं काढलं. तुणतुणं नुसतं. सांगितलं, समारंभ होऊ दे, पहिलं काम तेच.

१२ मार्च
क्लार्क सांगत होता, मुंगी गोल असलेल्या दारांवरही बेल वाजवते. बोलावून घेतलं, झाडलं. तर मलाच म्हणते, मॅडम, गोल खडूचा असतो, लस थोडीच असते. उद्धट! वर माझ्या टेबलावरचं बिस्किट उचललं, डबा खांद्याला लावला आणि चालती झाली. हिला पुरस्कार? हिला आधी वळण द्या.

१५ मार्च
घरी आले तर सून म्हणाली, तुमच्या ऑफिसातल्या त्या बुटक्या बाई येऊन गेल्या. हात वर करून तिला तिथेच थांबवलं. कळलं. पुरस्कार जवळ आला की लोक मस्का लावायला घरापर्यंत येतात. सून म्हणाली, तसं नाही हो, आई, ऐका तर खरं. ऐकलं नाही. असल्या गोष्टींना मी उत्तेजन देत नाही.

बाळाच्या दंडावर लाल ठिपका. डास! सुनेला फैलावर घेतलं. खिडकीला जाळी लावा म्हणून कधीची सांगतेय.

१९ मार्च
वरच्या मजल्यावरच्या मुलीला गोवर निघाला. ते नवीनच राहायला आलेत. त्या दारावर गोल नव्हता, म्हणजे माझी पद्धत बरोबर. आमच्या बाळाला काही होत नाही. नर्सच्या घरातलं मूल आहे.

२३ मार्च
बाळाचं अंग गरम. किरकिर. दात येतायत.

सून अगदी शांत. म्हणाली, बाईंनी सांगितलंच होतं, आठवड्याने थोडा ताप येईल म्हणून. कोण बाई? शेजारच्या असतील. घरात एवढी अनुभवी नर्स असताना शेजारणींची वैद्यकी चालते!

अंगावर पुरळ नाही. तीनदा कपडे काढून बघितलं. कानामागेही नाही. दात आहेत. दातच असणार.

आज भाषणाची प्रॅक्टिस झाली नाही. मध्यरात्र उलटली तरी पाळण्याशीच बसलेय. चहा जास्त झाला असेल.

२५ मार्च
ताप उतरला. म्हटलं नव्हतं, दात?

२८ मार्च, सकाळ
आज. ड्रेस खांद्यात घट्ट शिवलाय. शिंपी गाढव. घरच्यांसाठी पहिली रांग धरायला सांगितली. फोटोग्राफरला सांगून ठेवलं, डाव्या बाजूने घे.

२८ मार्च, संध्याकाळ
मुंगी.

नाव पुकारलं तेव्हा मी अर्धी उठले होते. ड्रेस सारखा केल्यासारखं करून बसले. मुंगी धावत स्टेजवर गेली, लाज म्हणून नाही, ट्रॉफी बाळासारखी कडेवर घेतली. माइकवर म्हणाली, एका दारावर छान मोठा गोल होता, तरी बेल वाजवली. आत नऊ महिन्यांचं मूल, लस नाही. टोचलं. चारच दिवसांत त्याच जिन्यावर गोवर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारी बसलेल्या डॉक्टरसाहेबांना म्हटलं, असल्या बेजबाबदार घरांना नोटीस काढा.

सुनेने मान खाली घातली. हे छताकडे बघत होते.

मुंगी खाली उतरून पहिल्या रांगेकडे आली. आमचं बाळ इतका वेळ सगळ्यांकडे जात होतं, डॉक्टरसाहेबांचा चष्मा ओढत होतं. मुंगी दिसली मात्र, त्याने श्वास ओढला आणि असं भोकाड पसरलं की हॉल हादरला. दंड धरून रडत होतं. मुंगी हसत म्हणाली, ओळखलं बरं का राजाने! डॉक्टरसाहेबांनी बाळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. घड्याळ या वेळी माझ्या मागे नव्हतं.

जांभईबाई पहिल्यांदाच टक्क जागी होती.

२९ मार्च
रजा टाकली. डोकं दुखतंय.

ओलं फडकं घेऊन दारावरचा गोल पुसायला गेले. माझ्या गोलाच्या आत एक छोटा गोल. मुंगीचा. दोन आठवडे त्या दारातून आत-बाहेर करतेय, दिसला नाही. माझा पुसला. आतला राहू दिला.

सुनेने चहा करून दिला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. वरच्या मुलीला अजून खोकला आहे. तो जिन्यात ऐकू येतो.

दुपारी बाळ आणि मी, दोघंच. मी युनिफॉर्म चढवला, टोपी घातली, रिकामी सिरिंज हातात धरली, डोळे वटारले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. बराच वेळ उभी होते.

हसला.