दहा मिनिटांची तपासणी

प्रिय मिओरी,

तुझं पत्र मला अठरा दिवस उशिरा मिळालं. तू ते ताकोयाकीच्या गाडीवाल्याच्या पत्त्यावर टाकलंस आणि मी तिथलं काम नोव्हेंबरातच सोडलं होतं. परवा सहज त्या गल्लीतून चाललो होतो, तर म्हाताऱ्याने हाक मारली, "काय रे पळपुट्या, तुझं टपाल मी किती दिवस सांभाळायचं?" सॉसच्या बाटल्यांखालून पाकीट काढून दिलं त्याने. वर एक तेलाचा गोल डाग होता. मी तिथेच उभ्याने वाचलं आणि मग समोर ठेवलेल्या ऑक्टोपसच्या गरम गोळ्यांतला एकही माझ्याच्याने खाववला नाही. म्हातारा म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही.

तू लिहिलंस की ओसाकातल्या दुकानाने तुझा गेम नाकारला. तू कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून टाकलंस, घरातल्या सीडीच्या चकत्या कात्रीने कापल्यास, आणि एक एप्रिलपासून काकांच्या शेवयांच्या कारखान्यात फोन घ्यायला बसणार आहेस. आज बावीस मार्च. नऊ दिवस आहेत, टपालाचे दोन गेले तर सात. म्हणून हे लिहितोय. पण मला सरळ लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. शाळेतसुद्धा मी निबंधाची सुरुवात सोडून बाकी सगळं लिहायचो.

गाडी सोडल्यावर मी महिनाभर फुकुओकाला मासळीच्या गोदामात होतो. तिथे स्क्विड साफ करता करता नखांखाली शाई जाऊन बसते, ती आठवडाभर निघत नाही. त्या शाईचीही मला इतकी घाण वाटली नव्हती जितकी आताच्या कामाची वाटते. आता मी ओसाकातच, निप्पोनबाशीत एका गेमच्या दुकानात आहे. होतो. तळघरात लोकांनी घरी बसून केलेले गेम विकायला ठेवतात, आणि विकायला ठेवण्याआधी कोणीतरी ते तपासतं. मी तपासायचो. माझ्यासारख्या बारावी अर्धवट सोडलेल्याला असं काम मिळालं याचा आधी मला फार आनंद झाला होता. दिवसभर गेम खेळायचे आणि वर पगार.

खेळायचे कसले. नियम असा की एका चकतीला दहा मिनिटं. समोर फॉर्म असतो, त्यात तीन चौकोन: हालचाल, निवड, शेरा. हालचाल म्हणजे हाताने काही चालवता येतं का, पळवता येतं का. निवड म्हणजे खेळणाऱ्यापुढे हे करू का ते करू असं कुठे येतं का. दोन्ही चौकोन रिकामे राहिले तर तो गेम नव्हे, परत. व्हिज्युअल नॉव्हेल आली की आमचे सगळे आळस द्यायचे, कारण तिच्यात मागे एक चित्र, पुढे एक चेहरा, खाली चौकटीत दोन ओळी, आणि बटण दाबलं की पुढच्या दोन ओळी. दहा मिनिटांत कुठवर वाचणार? मग आम्ही कंट्रोलचं बटण दाबून धरायचो. वाक्यं पळायला लागतात, निवड आली की आपोआप थांबतात. नाही थांबली तर निवड नाही. सगळे तपासणारे असंच करतात, या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

आमचे मॅनेजर कुराता-सान. पन्नाशीचा माणूस, बोटं कायम कसल्या तरी चिप्सने पिवळी, त्याच बोटांनी चकत्या धरणार. व्हिज्युअल नॉव्हेल दिसली की म्हणणार, "आला सायकलवाला." पूर्वी सायकलवर लाकडी चौकट लावून, चित्रांचे पुठ्ठे सरकवत गोष्ट सांगत गावोगाव फिरायचे ना, ते. "त्यांच्याकडे निदान मिठाई तरी मिळायची. गेम म्हणजे हात चालला पाहिजे. वाचायचंच असेल तर लोक वर पुस्तकांच्या मजल्यावर जातील." मी सुरुवातीला हसायचो. आता सांगायला लाज वाटते, पण मोठ्याने हसायचो.

मग एकदा मला दुसऱ्या मजल्यावर खोकी उचलायला पाठवलं. मिओरी, त्या मजल्यावर भिंतभर व्हिज्युअल नॉव्हेल आहेत. मोठ्या कंपन्यांच्या. तेच चित्र, तीच चौकट, तेच बटण. फरक एवढाच की खोक्यावर मोठ्या डोळ्यांच्या, अर्ध्या कपड्यांतल्या मुली असतात आणि बरोबर त्याच मुलीचं चित्र छापलेला माणूसभर लांबीचा उशीचा अभ्रा मिळतो. शनिवारी तिथे जिन्यापर्यंत रांग लागते. त्या गेममध्ये हालचाल आहे का, निवड किती, हे कोणी विचारत नाही. मी कुराता-सानना विचारलं, हे गेम कसे मग? ते म्हणाले, "ते विकलं जातं, पोरा. विकलं जातं त्याला गेम म्हणतात." आणि बोटं चाटली. त्या बोटांकडे मला बघवेना. पण मी खोकी उचलली आणि खाली आलो आणि काम करत राहिलो, हेही लिहायला हवं.

त्याहून वाईट म्हणजे मला त्या कामात नाव मिळालं. शेऱ्याच्या चौकोनात नुसतं "निवड नाही" लिहिलं तरी चालतं, पण मी काहीतरी खोचक लिहायचो. जेवणाच्या सुट्टीत कुराता-सान माझे शेरे मोठ्याने वाचून दाखवायचे. सगळे डबे खाली ठेवून हसायचे. "सात नंबरचं डोकं बघा," म्हणायचे. फॉर्मवर नाव नसतं, नंबर असतो. मला आयुष्यात कधी कोणी डोक्याबद्दल शाबासकी दिली नव्हती. तुझ्याखेरीज.

आता तुझ्या गेमबद्दल. मी तो खेळलोय. कसा मिळाला ते सांगतो, आधी हे वाच. पुस्तकांच्या मजल्यावरच्या सुगिमोरी-सानचा जुना लॅपटॉप मागून आणला आणि दुपारचा कपडे धुवायच्या दुकानात, यंत्रांसमोरच्या बाकावर जाऊन बसलो. हिवाळ्यातला बोटींचा धक्का, तिकिटाची खिडकी, खिडकीत ती म्हातारी. दोन ओळी बोलते आणि गप्प होते. मी बटण दाबलं, बोट सुटली, दुसरा दिवस उजाडला. परत दोन ओळी, परत बटण, परत बोट गेली. तीन बोटी गेल्या तरी माझ्या लक्षात आलं नाही. चौथ्या वेळी शेजारच्या बाईने साबणासाठी सुटे मागितले, मी खिसे चाचपत राहिलो, आणि पडद्यावर म्हातारी आपणहून बोलली. बटण न दाबता. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. मग ती बहिणीबद्दल बोलायला लागली.

म्हणजे न दाबणं हीच निवड आहे. तू ती कुठे लिहिलीच नाहीस, चौकट काढली नाहीस, बाण दाखवला नाहीस. थांबेल त्याला ती सांगेल, नाही त्याची बोट जाईल. मी इतके गेम तपासले, कुठल्याच गेमने माझ्याकडून इतकं काही करून घेतलं नव्हतं. अकरा मिनिटांचा तो एक प्रसंग आहे, ज्यात ती काहीच बोलत नाही आणि नुसतं पाणी हलतं. त्यात मला दोनदा उठून जावंसं वाटलं. आणि मग मला आठवलं की सहा वर्षांपूर्वी मी गाव सोडताना आपल्या धक्क्यावर तू मला काहीतरी सांगायला लागली होतीस आणि मी म्हटलं होतं, पोहोचल्यावर फोन करतो. ते काय होतं, हे विचारायचा आता मला हक्क नाही. गेममधली म्हातारी तुझ्यासारखी आहे असंही मी म्हणत नाही. फक्त आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी कुराता-सानपुढे लॅपटॉप ठेवला. म्हटलं, पुन्हा तपासा, फक्त हात लावू नका. ते चाळीस सेकंद थांबले असतील. "अडकलाय हा," म्हणाले, आणि झाकण मिटलं. मी म्हटलं, अडकला नाही, थांबलाय. "गिऱ्हाईक हात बांधून बसायला पैसे देईल का? वर दे पाठवून." वर नेला तर सुगिमोरी-सान म्हणाल्या, "अरे, मी कागद विकते. चकती खालची." पण त्यांनी जेवणाची सगळी सुट्टी तो पाहण्यात घालवली, डबा उघडलाच नाही, आणि शेवटी मला म्हणाल्या, "हे मला विकता येणार नाही. पण हिने दुसरं काय केलंय ते सांग ना." मी पुन्हा खाली आलो आणि म्हटलं निदान फॉर्म तरी बदला. कुराता-सान म्हणाले, "शिक्का बसला की बसला. तुला एवढा कळवळा असेल तर चकती घेऊन घरी जा, परत येऊ नकोस." मी तसंच केलं. यात काही शौर्य नाही, नोकऱ्या सोडणं ही एकच गोष्ट मला नीट येते.

तर चकती माझ्याकडे कशी, ते. तू पाकिटात परतीच्या टपालाचं तिकीट ठेवलं नव्हतंस, म्हणून ती टाकून द्यायच्या खोक्यात पडून होती, तुझं पत्र वाचून मी ती तिथून उपसून काढली. मार्चअखेरीला तो खोका तुकडे करायच्या यंत्रात जातो. तू तुझ्या पत्रात दुकानाचा शेरा जसाच्या तसा उतरवलास आणि लिहिलंस की हे वाक्य डोक्यातून जात नाही: "बटण दाबायला माणूस कशाला, पेपरवेट पुरे." मिओरी, ते वाक्य माझं आहे. सात नंबर मी. चकतीवर तू टोपणनाव घातलं होतंस, पण ओळखीचं नाव असतं तरी मी गेम नीट पाहिला असता असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. त्या दिवशी मी कंट्रोलच्या बटणावर स्टेपलर ठेवला आणि नूडल्स खात बसलो. चार मिनिटांत तुझ्या सगळ्या बोटी निघून गेल्या. तोंडात घास असताना मी ते वाक्य लिहिलं आणि लोक हसले. हे तुला कळावं म्हणून मी पत्र लिहायला बसलो आणि इतका वेळ म्हाताऱ्याचं नि शाईचं सांगत बसलो. माझी मला शिसारी येते, पण ती माझ्यापाशी राहू दे, तुला तिचा उपयोग नाही. चकती याच पाकिटात आहे. तिच्यात तू काढलेली मूळ चित्रं नसतील, पण अख्खा गेम आहे आणि तो चालतो. काकांच्या कारखान्यात जायचं तर जा, तुझ्या मनाने जा. त्या वाक्यामुळे मात्र जाऊ नकोस, कारण ते लिहिणाऱ्याने तुझा गेम पाहिलाच नव्हता.

अजून म्हणू देत असशील तर तुझाच,
कोहेइ