जिथं बोट टेकत नाही

बाबा,

तुमची नात जहाजाच्या सहलीला निघाली आहे. परवा फोनवर तिने मला दोन मार्ग वाचून दाखवले. एकात दोनच बंदरं आणि बाकी नुसतं पाणी, दुसऱ्यात पाच बंदरं, रोज एक नवं. "आई, कोणता घेऊ?" मी विचारलं, "जहाज धक्क्याला लागतं, की लांबच उभं राहतं?" ती हसायला लागली. मोहाडीच्या बाईला हा प्रश्न कसा सुचला, म्हणाली. आता तिला काय सांगू, की आपल्या घराण्यात बंदरं पाहून बोट निवडणारा पहिला माणूस ती नाही. तेव्हापासून स्वयंपाक करताना, धुणं वाळत घालताना मी तुमच्याशीच बोलते आहे. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

अठ्ठ्याहत्तर साली धान घरात आलं आणि तुमची रजा प्रवास सवलत मंजूर झाली. महाराष्ट्रात कुठंही जा, असा नियम. तहसील कचेरीतले बाकीचे लोक नागपूरपर्यंत जाऊन परत यायचे. तुम्ही मात्र मुंबईला पोस्टकार्ड टाकून कोकणच्या बोटींचं वेळापत्रक मागवलंत. आईला चैत्यभूमी दाखवायचं कबूल केलंत, त्यामुळे तिची तक्रार नव्हती. स्वयंपाकघरात, चुलीच्या उजेडात, लाल-निळी पेन्सिल घेऊन तुम्ही त्या कागदाशी आठ दिवस झटापट करत होतात. एक बोट भराभर जाणारी होती, वाटेत जवळजवळ न थांबणारी. दुसरी रडतखडत जाणारी, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग अशी सगळीकडे तोंड दाखवत मालवणला पोचणारी. आई म्हणाली, "अजी, जे लवकर पोचवते थेच घ्या ना. पाण्यावर जास्त कायले राहाचं?" तुम्ही म्हणालात, "पैसे सरकारचे हायेत. बंदरं पाहून घेऊ." आणि एका लहानशा बंदरापुढे तुम्ही निळी खूण केलीत. बोट नऊला येते, नऊ-चाळीसला सुटते. त्या बंदराचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्याचं ते गाव, त्याची माणसं अजून तिथे असतील.

तो म्हणजे आपल्या शेजारच्या खोलीत राहणारा बँकेतला कारकून. कोकणातला, आपल्यातलाच, त्यामुळे जातीचा प्रश्न नव्हता. मोहाडीला बदली झाली म्हणून आधी काळ्या पाण्यावर आल्यासारखं तोंड करून बसायचा, मग आईच्या हातची अळूची वडी खाऊन माणसात आला. संध्याकाळी ओसरीवर बसून तो समुद्राच्या गोष्टी सांगायचा आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐकायची. तो मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मला त्याचा समुद्र आवडायचा. त्याने आईजवळ लग्नाचा विषय काढला, आईने मला विचारलं, आणि मी मान हलवली. एकविसाव्या वर्षी मान हलवायला कितीसा वेळ लागतो? पंधरा दिवसांनी मला कळलं, की आपण फार मोठी मान हलवली आहे. माझं डी.एड. झालेलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक आज येते की उद्या, अशी वाट पाहणं चाललेलं. आणि मी मात्र दोन गाड्या आणि एक बोट बदलून जायचं अशा गावी संसार मांडायला निघाले होते. पण शब्द गेला होता. आईने त्याला जावई धरूनच वाढायला सुरुवात केली होती. तुम्ही हो म्हणाला नव्हतात आणि नाहीही म्हणाला नव्हतात.

निघताना तुम्ही सामानात चिन्नोर तांदळाची पिशवी घेतलीत. पाच शेर तरी असेल. आई चिडली, "बोटीवर भात रांधाचा हाय का?" तुम्ही म्हणालात, "असू दे. पाणी बदलते, तांदूळ तरी आपला असावा." मलाही ते खरं वाटलं.

भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली, मुंबई मागे राहिली, आणि मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. बाबा, मी तो तास-दोन तास पाहिला आणि मग तो माझा पाहून झाला. वैनगंगेला पलीकडे काठ असतो, काठावर कुणी म्हशी धूत असतं. इथे पलीकडे काहीच नव्हतं. आई ओकारीने हैराण. मी तिच्या डोक्याला तेल चोळत बसले होते आणि मनात म्हणत होते, बाळंतपणाला माहेरी यायचं तर याच्यावरून यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निळ्या खुणेचं बंदर आलं. आलं म्हणजे लांबून दिसलं. माडांची रांग, कौलं, एक पांढरा रस्ता. बोट तिथेच पाण्यात उभी राहिली आणि किनाऱ्यावरून वल्ही मारत दोन मचवे निघाले, उतारू न्यायला. मी वळून पाहते तर तुम्ही काळी टोपी घालून, छत्री काखेत मारून, चिन्नोरची पिशवी खांद्यावर घेऊन मचव्याच्या रांगेत उभे! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सहल नव्हती. तुम्ही घर पाहायला निघाला होतात. आईने हाक मारली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "सांगून गेलं तं घर नाई दिसत, पाहुणचार दिसते. येतो मी, चाळीस मिनिटं हायेत." आणि खलाशाला, आपल्या तुमसर गाडीच्या कंडक्टरला सांगावं तसं, "भाऊ, आलोच मी. थांबजा जरासाक."

ज्याला विचारलं असतं तर चाळीस मिनिटांत काय होतं ते कळलं असतं, त्या एकाच माणसापासून, त्या कारकुनापासून, तुम्ही हा बेत लपवला होता. पंधरा-वीस मिनिटं तर मचवा किनाऱ्याला लागायलाच गेली. मचवे नवे उतारू घेऊन परत आले, त्यांत तुम्ही नव्हतात. भोंगा झाला. आई कठड्याला धरून ओरडायला लागली, "अवो थांबवा! माया मालक खाली रायला!" खलाशी म्हणाला, "बाई, ही काय एसटी आहे?" आणि बोट निघाली. पांढऱ्या रस्त्यावर एक काळी टोपी धावत येताना मला दिसली. मग ती थांबली. मग छत्री वर करून तुम्ही ती हलवलीत, जसं काही आम्हालाच निरोप द्यायला आला होतात.

मालवणला आम्ही दोघी मचव्यातून उतरलो आणि बंदरावरच्या एका बाकावर बसलो. दिवस मावळायच्या सुमाराला बंदराच्या कचेरीत फोन आला, की मोहाडीचे साहेब सुखरूप आहेत, उद्या एसटीने येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. तांदळाची पिशवी नव्हती, तिच्या जागी कोकमाच्या सोलांची पुडी होती. आईने आधी पोटभर बोलून घेतलं. मग विचारलं, कसं आहे घर? तुम्ही खरं तेच सांगितलंत. "माणसं चांगली हायेत. मी अनोळखी, तरी पोराच्या मायनं पाय धुवाले पाणी देलं, रात्री ठेवून घेतलं. मंग कळलं का मी कोण, तं रडली बिचारी. घरात पुस्तकं हायेत. खोट काढाले जागा नाई." आईचा चेहरा उजळला. "मंग कधी ठरवाचं?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "पोरी, तू सांग." मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. कचेरीत तुमची पद्धतच होती ती, अर्ज बाजूला ठेवून आधी माणूस पाहायची. अर्जात अर्जनवीस बोलते, तोंडावर माणूस बोलते, असं तुम्ही नव्या कारकुनांना सांगायचात. माझ्या तोंडावर काय होतं ते मला ठाऊक नाही. तुम्ही टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली, आणि म्हणालात, "मंग नाई."

"काहून?" आई जवळजवळ किंचाळली.

"जिथं बोट टेकत नाई, तिथं मी पोरगी देत नाई."

आई तुमसर रोड स्टेशन येईपर्यंत तुमच्याशी बोलली नाही. मोहाडीत तुमच्या त्या वाक्याची म्हण झाली. कचेरीत कुणाचं काम अडलं, की लोक म्हणायचे, साहेबांची बोट टेकली नाही वाटतं. तो बिचारा आपल्या घरी यायचा बंद झाला आणि उन्हाळ्याच्या आत बदली करून घेऊन गेला. त्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. माझी नेमणूक बपेऱ्याला झाली. तुम्ही मला एसटीने पोचवायला आलात, शाळेच्या आवारात माझी ट्रंक ठेवलीत आणि म्हणालात, "इथं गाडी टेकते." त्या शाळेत, आणि पुढे नाकाडोंगरीला, मी पोरांना शिकवत जे दिवस काढले, त्यांतला एकही मला कुणाला परत द्यावासा वाटत नाही. लग्न सहा वर्षांनी झालं, मोहाडीतच, आणि चांगलं झालं.

पण दोष तुमच्या माथी राहिला. तुम्ही गेलात त्या वर्षी, शहाऐंशीला, तुम्ही आतल्या खोलीत आजारी पडलेले आणि आई भेटायला आलेल्या बायांना सांगत होती, "याच माणसानं हेकटपणा केला. पोरीचं एवढं चांगलं ठिकाण हातचं घालवलं." दार उघडं होतं. तुम्हाला ऐकू गेलं असणार. मी चहाचे कप घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं आणि मी साखर पुरते का, असं विचारलं.

तर ते वाक्य आता लिहिते. मालवणच्या बाकावर मी तुमच्या काळजीने बसले होते, असं मी आयुष्यभर सांगत आले. फोन येईपर्यंत ते खरं होतं. फोन आला, आईचा जीव भांड्यात पडला, आणि मला दुसरीच धास्ती लागली. तुम्हाला ते घर आवडलं तर? दुसऱ्या दिवसापर्यंत मी एकच गोष्ट मागत होते, की बाबांनी तिथून काहीतरी खोट काढून आणावी. तुम्ही खोट आणली नाहीत. जी नव्हती ती स्वतःच्या अंगावर घेतलीत. "मंग नाई" म्हणालात तेव्हा मी तोंडाला पदर लावला, आईला वाटलं रडते आहे, आणि मी तिला तसंच वाटू दिलं. बाबा, माझा जीव तेव्हा भांड्यात पडला होता.