लवंगांची डबी

मलकापूर

प्रिय भार्गवी,

तुझ्या पुण्याच्या प्रदर्शनाचं आमंत्रण मिळालं. वर तुझा फोनही आला, 'तू आलीसच पाहिजे' म्हणून. मी नुसतं बघू म्हटलं. फोनवर मला भांडता येत नाही, आवाज चिरकतो. म्हणून लिहितेय.

तुझी काडीमोड झाली तेव्हा तू माझ्याकडे येऊन राहिली होतीस. जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस. तुझं मन रमावं म्हणून मी माझ्या चांदीच्या जुन्या डब्या, आगकाड्या ठेवायच्या, तुझ्यापुढे मांडल्या. तळाशी काडी ओढायच्या खाचा खरंच झिजल्यात की नव्यानं कोरल्यात, हे ओळखायला शिकवलं. मग खामगावच्या सराफांकडे आपण मोडीत आलेली चांदी धुंडाळत हिंडलो. 'आल्या पाहा आगपेटीवाल्या बाया,' म्हणायचे ते, आणि तू कितीतरी दिवसांनी हसली होतीस. मला केवढं बरं वाटलं होतं!

विकत न घेतलेली डबी एकच, माझ्या बाबांची. तू प्रदर्शनापुरती मागितलीस, मी रुमालात बांधून दिली. सख्ख्या भावाला दिली नसती.

काल सुनेनं, अश्विनीनं, मोबाइलवर तुझी मुलाखत दाखवली. हातात तीच डबी. म्हणे, ही तुझ्या आजोबांची. ते मलकापूरच्या जिनिंगमध्ये कारकून होते आणि कापसाच्या ढिगाशेजारी उभे राहून ऐटीत हिच्यातली काडी ओढायचे.

अगं, तुझे आजोबा साखरखेर्ड्याला मास्तर होते! जिनिंगमधले कारकून माझे बाबा. आणि चोरायचंच होतं तर नीट ऐकायचंस तरी. जिनिंगमध्ये, कापसापाशी, काडी? फाटकावरच सगळ्यांच्या आगपेट्या काढून घेत. जानराव चौकीदार बाबांची डबी रोज उघडायला लावायचा. 'काऊन वामनराव, आज तरी काडी हाये का?' बाबा त्याच्या तळहातावर एक लवंग ठेवत. 'घे बे, हेच आमची आग.' जन्मभर त्या डबीत लवंगाच राहिल्या. हे तुला मीच सांगितलं होतं, आणि तू त्यातलीच लवंग चघळत ऐकलं होतंस.

डबी लाटली असतीस तर चोर म्हणून शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तू माझा बाप उचललास, भार्गवी. त्याची गंमत, त्याची नोकरी, सगळं. मला राग येतोय, आणि त्याहून जास्त लाज वाटतेय, की तुझ्यासाठी मी घरातलं काही मागं ठेवलं नाही.

अश्विनी पुण्याला येतेय. डबी तिच्या हाती दे. घासून चकचकीत केली असशील, पण बिजागरीतला लवंगांचा वास गेला नसेल. तिला तो ठाऊक आहे, दुसरी देऊ नकोस. पत्रासोबत एक काडी पाठवतेय, मोडलेली. पहिल्या काडीमोडीला तुला माझं घर होतं. या खेपेला कुठं जायचं, ते तुझं तू बघ.

आजवर तुझीच,
संजीवनी