तापमान किती?

१४ मार्च, शनिवार दुपार

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद, आणि जोडीला कानाला एक चिमटा. फोनवर तू 'हो', 'बरं' आणि 'ठेवतो' एवढ्या तीन शब्दांत वर्षं काढतोयस, म्हणून हे पत्र. फोन ठेवता येतो. पत्र बाजूला ठेवलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त. परवा तिनं इस्त्रीची तुटलेली वायर स्वतःच जोडली. मी ओरडले तर मला म्हणते, "इलेक्ट्रिशियनची बायको आहे मी. आधी सोल, मग जोड. एवढं तरी येतंच मला." बाबांचं वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आणि क्षणभर वाटलं, ते मागच्या खोलीत पक्कड शोधतायत. चिमणीला सांग, तिनं काढलेला सहा पायांचा हत्ती आत्याच्या ऑफिसात भिंतीवर लावलाय. आमचे साहेब त्याच्याकडे बघून म्हणाले, पाया भक्कम आहे.

आता मुख्य बातमी. बसून वाच. तुझा आजोबा जिंकला!

आजोबा म्हणजे तू सात वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसला जोडून दिलेला कॉम्प्युटर. बाजारातला तेव्हाचा सगळ्यात दांडगा प्रोसेसर तू त्यात घातला होतास, सोळा कोअरचा. आईला समजावलं होतंस, "एका डोक्यात सोळा गवंडी बसलेत असं समज." आमचं काम तसंच आहे ना. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायच्या, कोणत्या खिडकीतून किती उजेड येईल आणि कोणत्या भिंतीवर किती सावली पडेल, हे सगळं त्या गवंड्यांनी मोजायचं.

पण पहिल्याच दिवशी तो तापून तापून बंद पडला. मग बाहेरच्या एका दुरुस्तीवाल्यानं त्याचा वेग निम्मा करून दिला आणि तेव्हापासून तो तसाच रखडत चालत आला. बडा घर, पोकळ वासा, असं ऑफिसात सगळे म्हणत. मीही म्हणत असे.

गेल्या महिन्यात नवा कॉम्प्युटर आला. सहाच कोअर, पण यंदाचा प्रोसेसर. त्याला गार हवेच्या झोतासमोर बसवलं, वर धूळ बसू नये म्हणून आच्छादन, शेजारी कुणी चहाचा कप ठेवायचा नाही. म्हणून त्याचं नाव पडलं जावई. त्याला आणायचा हट्ट आमच्या वेगोबाचा. हा माझ्या हाताखाली काम करतो, चांगला आहे, पण बसल्याजागी पाय हलवतो आणि बोलताना दर वाक्यात वेग काढतो. तो म्हणाला, "मॅडम, आजोबांना आता भंगारात द्या. दोघांची तुलना करून दाखवू का?"

मी म्हटलं, दाखव. पण तुलना करायची तर दोघांना सारखी आंघोळ घालून. एकाच्या अंगावर सात वर्षांची धूळ आणि दुसरा कालच खोक्यातून निघालेला, हा काय न्याय झाला? मग जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः आजोबाला उघडलं, झाडलं, पुसलं, प्रोसेसर गार ठेवणारा कूलर काढून दोघांच्या मधे उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. साफ करताना थोडं काहीबाही निघालं, ते असो. वेगही पुन्हा पूर्ववत केला.

तर ऐक. लहानसहान कामांत जावयानं आजोबाला धूळ चारली. फाइल उघडणं, एखादी भिंत सरकवणं, रंग बदलून बघणं, हे सगळं एकट्या गवंड्याचं काम, आणि जावयाचा एकेक गवंडी आजोबाच्या दोघांना भारी आहे. वीजही निम्मी खातो. वेगोबा खुर्चीत गोल फिरला.

मग आम्ही दोघांवर ग्रंथालयाच्या मोठ्या दालनाचं चित्र चढवलं. काचेचं छत, तीन मजले पुस्तकं, प्रत्येक कपाटाच्या प्रत्येक फळीवर पडणारा उजेड. जावयाला लागली बावन्न मिनिटं. आजोबाला सत्तेचाळीस! जो परवापर्यंत असल्या कामाला पावणेदोन तास घेत होता तो, बारक्या! सोळाच्या सोळा गवंडी एका दमात भिडले. चित्र पूर्ण झालं तेव्हा मी टाळ्या पिटल्या आणि पलीकडच्या खोलीतली माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

साहेबांनी विचारलं, एवढा फरक कशानं पडला? मी म्हटलं, धूळ होती हो, आणि पेस्ट वाळली होती. आता आजोबा भंगारात जात नाही. मोठी चित्रं त्याची, रोजची कामं जावयाची, असं ठरलंय.

तुझी निवड चुकली नव्हती, एवढं कळवण्यासाठी हा प्रपंच. भावजयीला आशीर्वाद. कामावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना जपून उतरत जा.

तुझी,
ताई



२७ मार्च, शुक्रवार

बारक्या,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. मी दीड पानभर विजयगाथा लिहिली आणि तुझं उत्तर काय, तर दोन शब्द. 'तापमान किती?' खाली सहीसुद्धा नाही. आई म्हणाली, "ताप कुणाला आलाय?" मी म्हटलं, "मला."

कारण तुझा प्रश्न मला पुरता कळला. मी तुला मिनिटं सांगितली, कोअर सांगितले, वीज सांगितली. तापमान तेवढं गाळलं. प्रोसेसर म्हणजे डोकं आणि कूलर म्हणजे तापल्या कपाळावरची ओली पट्टी, हे तूच आईला सांगितलं होतंस. आधीचं आणि आताचं तापमान सांगितलं असतं, तर धुळीनं एवढा फरक पडत नाही हे तू बसल्याजागी ओळखलं असतंस. खरं तर ते मी लिहिलं नाही यावरूनच तू ओळखलंस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

सांगते. आता काही गाळत नाही.

कूलर काढला तेव्हा त्याच्या बुडाला एक पारदर्शक फिल्म चिकटलेली होती. नव्या कूलरला असते ती. त्यावर लाल अक्षरांत, पाच भाषांत लिहिलेलं असतं की बसवण्याआधी हे काढा. सात वर्षं ती प्रोसेसर आणि कूलरच्या मधे होती. कपाळावर पट्टी ठेवली होती, पण खाली प्लास्टिक घालून. तुझ्या प्रोसेसरमध्ये काही खोट नव्हती. जोडणीतही नव्हती. काखेत कळसा होता आणि आम्ही सगळे गावाला वळसा घालत होतो.

आणि तो कूलर तू बसवला नव्हतास.

त्या दिवशी तू पेस्ट लावलीस, तेवढ्यात तुला खालून वायरींचं खोकं आणायला जावं लागलं. जाताना म्हणालास, "ताई, हात लावू नकोस, मी आलोच." आणि मी, मला कधी कुणासाठी थांबता आलंय? साहेब यायची वेळ झाली होती. चार स्क्रू तर आवळायचे, त्यात काय कठीण, म्हणून मी कूलर उचलला आणि बसवून मोकळी झाले. तू वर आलास, बघितलंस, हसलास. "इलेक्ट्रिशियनची मुलगी," म्हणालास.

मग तो साहेबांसमोर तीनदा बंद पडला. साहेबांनी विचारलं, "हे जोडलंय कुणी?" आणि मी म्हटलं, "माझ्या भावानं."

साहेब म्हणाले, "मॅडम, घरची माणसं घरी ठेवत चला." तू उघडून बघतो म्हणालास, तर त्यांनी तुला हात लावू दिला नाही. तेव्हा तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. एकदाच. मग स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवलास आणि जिना उतरून गेलास. मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते आणि अजून कायम केलेलं नव्हतं, हे तुला माहीत होतं. म्हणून तू बोलला नाहीस. आणि तू बोलला नाहीस, म्हणून मीही बोलले नाही.

फिल्मचं मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण कूलर मी बसवला होता, हे तर माहीत होतं. शंका आली की मी दुसऱ्या कामाला लागायची. तू कॉम्प्युटर जोडायचं दुकान बंद केलंस, लिफ्टच्या कंपनीत लागलास, त्या गावी गेलास, आणि मी लोकांना सांगत राहिले की त्याला आधीपासून लिफ्टची आवड. कसली आवड रे! तू आठवीत रेडिओ उघडून जोडायचास. मला माफ कर. हे वाक्य मी चार कागदांवर लिहून फाडलं, आता पाचव्यावर ठेवलंय.

आता पुढचं ऐक, कारण एवढं रडगाणं ऐकवायला मी पेन उचललेलं नाही.

फिल्म मी त्या दिवशी पर्समध्ये टाकली होती. साहेबांना धूळ सांगितली आणि तुलाही धूळच सांगितली. तुझं कार्ड आल्यावर मंगळवारी सकाळच्या मीटिंगला ती बाहेर काढली आणि सगळ्यांच्या मधोमध टेबलावर ठेवली. म्हटलं, "आजोबा सात वर्षं रखडला तो यामुळे. माझ्या भावानं जोडलेलं सगळं बरोबर होतं. कूलर मी बसवला, ही फिल्म मी काढली नाही, आणि तेव्हा त्याचं नाव पुढे केलं तेही मीच."

वेगोबाचा पाय हलायचा थांबला. मग तोच हळूच म्हणाला, "म्हणजे आजोबा सात वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून श्वास घेत होते?" आणि साहेब हसले. मोठ्यानं. मला वाटलं आता माझी खुर्ची गेली. पण हसून झाल्यावर त्यांनी ती फिल्म उचलली, चष्मा वर करून पाचही भाषा वाचल्या आणि ती पुन्हा टेबलावर ठेवली. म्हणाले, "तो मुलगा उघडून बघतो म्हणत होता. मी बघू दिलं नाही."

मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मी ते शब्द जसेच्या तसे लिहून आणलेत: "मॅडम, तुमच्या त्या घरच्या माणसाला बोलवा. नव्या शाखेला चार कॉम्प्युटर जोडायचेत. कोणता प्रोसेसर घ्यायचा ते तो ठरवेल. जुना म्हणाला तर जुना, नवा म्हणाला तर नवा. आणि कूलर तुम्ही बसवायचा नाही."

जिंकलास, बारक्या! आजोबानं जावयाला पाच मिनिटांनी हरवलं ते सोड, तू आम्हा सगळ्यांना सात वर्षांनी हरवलंस. वेगोबानं आजोबाच्या अंगावर एक पट्टी चिकटवलीय. तिच्यावर लिहिलंय, 'जोडणी: मॅडमचे बंधू', आणि खाली बारीक अक्षरांत, 'कूलर सोडून'. येणाऱ्याजाणाऱ्याला मी स्वतः वाचून दाखवते. लाज वाटते आणि छाती फुगते, दोन्ही एकदमच.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती, हातही थांबवला नाही तिनं. म्हणाली, "सात वर्षं फोन करकरून त्याला जोडायला बघत होतीस, आणि सोललं नव्हतंस होय गं?" मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, त्याला म्हणावं, लवकर ये, वायर मी पुन्हा चुकीची जोडलीय.

ती फिल्म सोबत पाठवतेय. साहेब फ्रेम करून लावू म्हणत होते, पण ती तुझी आहे. फाड, जाळ, नाहीतर जपून ठेव. पुढच्या रविवारी गाडीनं येत असशील तर चिमणीला घेऊन ये, हत्ती दाखवते. येत नसशील तर तसं कळव, पण दोन शब्दांपेक्षा जास्त शब्दांत. मला शिव्या दिल्यास तरी चालतील, चांगल्या लांबलचक दे.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आधी, निम्म्या वेगावर, चौऱ्याण्णव. आता, पुऱ्या वेगावर, त्रेसष्ट.

कूलर बसवणारी,
तुझी ताई