मोठ्या ठिपक्याच्या माद्या

२ फेब्रुवारी
आजपासून ऑफिस ही तात्पुरती सोय. खरं काम सुरू. जवळजवळ नामशेष झालेल्या जातीच्या कोंबडीची अंडी आणली आणि बुटांच्या कपाटात बल्ब लावून उबवायला ठेवली. बूट बाहेर. बायको काही बोलली नाही, म्हणजे पाठिंबा आहे.

वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंची अट एकच: कोंबडा आरवला की सगळी खुराडी बाहेर. म्हटलं, बाई, माझ्याकडे फक्त माद्या राहणार. शब्द दिला.

२३ फेब्रुवारी
नऊ पिल्लं! काळी कुळकुळीत. या जातीत रंगावरून पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येतं. काहींच्या डोक्यावर मोठा पांढरा ठिपका, काहींच्या अगदी बारीक. अंडीवाला फोनवर म्हणाला, मोठा ठिपका तो नर. फारच ठासून म्हणाला. वर म्हणाला, नको असलेले नर मी परत घेईन. वा रे वा! म्हणजे माझ्या माद्या आयत्या याच्या पदरात. मी काय दूधखुळा आहे? मोठा ठिपका, तीच मादी.

२४ फेब्रुवारी
बारीक ठिपक्याचे पाच 'नर' मेहुण्याला देऊन टाकले. त्याच्याकडे मोकळी जागा आहे, अक्कल नाही. केवढा खूश झाला बिचारा. चार माद्या माझ्याकडे. सगळ्यांत मोठीचं नाव राणी. खांद्यावर बसते.

१० मे
राणीचा तुरा लाल, टपोरा. उत्तम प्रकृतीचं लक्षण. बायको म्हणाली, शेपटी बघा. बघितली. शेपटीच आहे.

१८ जून, पहाटे
राणीने आवाज काढला. आरवणं नव्हे, घसा साफ केला. घरमालकीणबाईंना जिन्यात सांगितलं, मला खोकला झालाय. खोकूनही दाखवला.

२५ जून
आता चौघीही घसा साफ करतात. त्यांच्या आधी उठून मोठ्याने रेडिओ लावतो. बायको उशी घेऊन स्वयंपाकघरात झोपते. क्रांतिकारकांच्या घरी असंच असणार.

२ ऑगस्ट
घरमालकीणबाई खाली आल्या. राणी भिंतीवर चढली, पंख फडफडवले आणि त्यांच्या तोंडावर आरवली. मी मागे हटलो नाही. सांगितलं, जुन्या जातींत माद्याही आरवतात.
बाई म्हणाल्या, "मग अंडं दाखवा. रविवारपर्यंत."

८ ऑगस्ट
अंडं नाही. असं डोक्यावर बसल्यावर कोण घालेल? मीही घातलं नसतं.

९ ऑगस्ट, रविवार
मेहुणा आला. एका हातात जाळीचा पिंजरा, दुसऱ्या हातात अंड्यांचा डबा. त्याच्या पाचही 'नरांनी' अंडी घालायला सुरुवात केलीय. हसला नाही, हे जास्त लागलं.
"भाऊजी, तुमचे हे चौघं दिलेत तर जात वाचेल," म्हणाला.
दिल्या. जातीसाठी दिल्या, चूक मान्य करून नव्हे. राणी खांद्यावरून उतरेना, नखं रोवून बसली. शेवटी मीच सोडवली. डोळ्यात भुसा गेला. अंडीवाल्याला फोन करणार नाही म्हणजे नाही.

१० ऑगस्ट
जाग आली तेव्हा सव्वानऊ. घरात चिडीचूप. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर उशिराचं कारण विचारलं. तोंडातून निघून गेलं, आज कोंबडा आरवला नाही.