चामडं गुंडाळलेली काठी
शुक्रवार, ९ जानेवारी २००४. अबू हलीफा, कुवेत.

मृण्मयीचा क्लास बंद, असं इचेला आज सांगायचंच म्हणून खाली गेले. इचे म्हणजे तिच्या भाषेत ताई. मणिपूरची नर्स, शुक्रवारच्या सुट्टीत आमच्या इमारतीच्या तळघरात मुलींना थांग-ता शिकवते. मूळची तलवार-भाल्याची विद्या. आता स्पर्धेत चामडं गुंडाळलेली काठी आणि ढाल. दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आणि ही काठी फिरवतेय!

घाईत जमिनीवरची काठी ओलांडली. मुलींच्या काठ्या जागीच थांबल्या.

"आई, मागे ये. शस्त्र ओलांडायचं नसतं. नमस्कार कर," मृण्मयी म्हणाली. चक्क मराठीत! एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते.

"अगं, नुसती काठी आहे."

"आणि परवा माझा पाय लागला ती नुसती वही नव्हती?"

परवा मीच ओरडले होते. वाकून नमस्कार केला. इचे हसली, "दीदी, अब आप भी क्लास में!"

मग लढत झाली. मृण्मयी दोनदा हरली. घरी साध्या पत्त्यांत हरली तरी धुसफुसते; इथे समोरच्या मुलीला वाकून नमस्कार केला, काठी दोन्ही हातांनी उचलून ठेवली. हे मी कधी शिकवलं होतं?

सांगायचं राहून गेलं. राहिलं, की मीच राहू दिलं? असो. शुक्रवारी सकाळी अभ्यास, संध्याकाळी क्लास.

घरी तिची काठी मी बाथरूमच्या वायपरशेजारी उभी करत असे. आत्ता उठून ती पुस्तकांच्या कपाटाशी नेऊन ठेवली.