उजव्या वळणातला काटा

४ मार्च, बुधवार

दादा,

तीर्थरूप लिहावं की नुसतं दादा, यातच पहिला कागद वाया गेला. तेव्हा नुसता दादा, आणि नमस्कार. इकडे सगळं ठीक. आई मजेत आहे. बाबा मजेत नाहीत, पण तसे ते कधी होते? माझं म्हणशील तर नखांतलं काळं तसंच आहे आणि तोंडही तसंच चालतं. तुझा गुडघा गारठ्यात धरतो हे आईकडून कळलं. फोन सोडून पत्र का, तर फोनवर आई शेजारी उभी राहून दर वाक्याला "काय म्हणतोय?" विचारते. शिवाय फोनवर मी मध्येच थांबले असते.

बातमी ही की आईची सवत, आपली रेसची गाडी, परत आली. साडेचार वर्षं ती वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती, तू सोडून गेलास तेव्हा होती तशीच, चेपलेली. दीड वर्षापूर्वी एका सकाळी बाबांनी ताडपत्री ओढली आणि म्हणाले, "उभी करू या." का, ते मी विचारलं नाही. बाबांना "का?" असं विचारलं की ते हातातला पाना पुसायला घेतात, तुला माहीत आहे.

आता ती उभी आहे. इंजिन नवं बांधलं, पूर्वीपेक्षा सव्वापट ताकद. पत्रा सरळ केला. खूण करायची रीत अजून चालू आहे, बोल्ट कसला की ठिपका. बाबांचा पिवळा, माझा पांढरा. तुझी लाल बाटली कधीच सुकली, पण फळीवरून ती कुणी हलवली नाही. आई केर काढताना तिच्या भोवतीनं पुसते.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं, इंधनाच्या टाकीवरून. बाबा म्हणाले, नवी आणू. मी म्हटलं, कशाला? टाकीला ओरखडासुद्धा नाही, अपघातात मागे होती म्हणून वाचली. तर म्हणे, "जुनी आहे, नको." मी हट्टाला पेटले. तुला आठवत असेल, त्या टाकीच्या आतलं काम माझं होतं. एकोणीस वर्षांची होते, बाबांनी पहिल्यांदा एखादं काम पूर्ण माझ्यावर सोपवलं होतं. मला वाटलं, अजून माझ्या हातावर भरवसा नाही. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. शेवटी ते म्हणाले, "बसव, तुझी मर्जी." आणि उठून गेले.

तर आता मुद्दा. गाडीला इंधनाचा दाब टिकेना. जागेवर उभी असताना काटा त्रेचाळीसवर, अगदी खिळ्यानं ठोकल्यासारखा. रस्त्यावर घेतली, जोर दिला, की इंजिन अडखळायचं. मग मी दाब दाखवणाऱ्या गेजला लांब रबरी होज लावून ते बोनेटच्या फटीतून बाहेर काढलं आणि चिकटपट्टीनं काचेवर बसवलं, म्हणजे चालवताना काटा डोळ्यांसमोर. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला की त्रेचाळीसचा तीस व्हायचा.

बाबांनी पत्रा ठोकता ठोकता मान वर न करता सांगितलं, "टाकी बदल."

मी म्हटलं, "तपासल्याशिवाय भाग बदलायचा नाही, हे कुणी शिकवलं मला?" त्यांनी हातोडा पुन्हा पत्र्यावर आपटला. मी जिंकले असं मला वाटलं.

फिल्टर काढला, स्वच्छ. रेग्युलेटर बदलून पाहिला, फरक शून्य. होज कुठं चिमटलाय का पाहिलं, नाही. मग पंपापाशी व्होल्ट मोजले, जोर असताना, आणि मिळाले जेमतेम साडेदहा. पंप बिचारा उपाशीपोटी धावत होता. जुनी वायर आतून काळी पडली होती. बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, रिले टाकला, आणि काटा चौथ्यातही त्रेचाळीसवर. मी वर्कशॉपमध्ये एकटीच नाचले. बाबा हसले, दादा. किती वर्षांनी दात दिसले त्यांचे.

मागच्या गुरुवारी ट्रॅकवर नेली. टाकी अर्ध्याला थोडी कमी होती. सरळ पट्ट्यात काटा ढिम्म. डाव्या वळणात ढिम्म. मग ते लांब उजवं वळण आलं, आणि मधोमध काटा दहावर आला. इंजिन एकदम गेलं. मागची बाजू हलली. मी हळू होते म्हणून सावरलं.

आईनं जेवायला हाक मारली. उरलेलं नंतर लिहिते.


१० मार्च, मंगळवार

दादा,

जेवण तासाभरात झालं होतं. पुढचे सहा दिवस मी कागदाकडे बघत नव्हते.

फक्त एकाच बाजूच्या वळणात दाब जातो, याला उत्तर एकच असतं. हे तुला सांगायला नको. वळणात इंधन टाकीच्या एका कडेला पळतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. ते पळू नये म्हणून तर पंपाभोवती कप्पा असतो, डावी-उजवीकडे एकेक झडप असलेला. झडप आत उघडते, बाहेर नाही. इंधन आत येतं, बाहेर जाऊ शकत नाही. शाळेतल्या पोराला समजेल.

मला ट्रॅकवरून परत येतानाच कळलं होतं. तरी मी पुढचे दहा दिवस इंजेक्टर तपासले. फिल्टर पुन्हा काढून पाहिला. नुकताच बदललेला रेग्युलेटर पुन्हा बदलला. बाबा स्टुलावर बसून बघत होते. आम्ही दोघं एका खोलीत, ना खिडकी, ना तिसरं माणूस, आणि दोघांनाही माहीत की आपण खोटं खोटं काम करतोय.

काल टाकी उतरवली. झाकणावरचा जुना मळ पुसला, खाली सहा बोल्ट. ते मी कसले होते, सहा वर्षांपूर्वी, एकदाच. नंतर कुणी उघडायचं कारणच नव्हतं. सहाही बोल्टांवर माझा पांढरा ठिपका होता, मधून तुटलेला, आणि त्यावरून पिवळा.

मी बाबांकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

आत टॉर्च मारली. उजवी झडप कप्प्याच्या आतून बसवलेली, बरोबर. डावी बाहेरून. ती बाहेर उघडत होती. उजव्या वळणात इंधन डावीकडे पळायचं, झडप त्याला दार उघडून द्यायची, आणि कप्पा कोरडा.

आता जे सहा वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. ही चूक नजरचुकीनं झालेली नाही. एक झडप बसवल्यावर रिव्हेटचं पिस्तूल कप्प्याच्या आत मावेना. पहिली काढायची, क्रम उलटा करायचा, दोन तासांचं काम वाढलं असतं. हवा तेव्हा कधीच न सापडणाऱ्या पान्यावरून तू मला पाडलेल्या नावानं बाहेरून ओरडत होतास, "दहा नंबर, झालं का?" मी म्हटलं, झडप ती झडप, आतून काय नि बाहेरून काय. बाहेरून ठोकली, झाकण लावलं, ठिपके दिले आणि "झालं" म्हणून सांगितलं.

शर्यतीत त्या उजव्या वळणात गाडी आदळली, तेव्हा तू म्हणालास वळणात इंधन तुटलं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "काही तुटलं नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून तुझा पाय उचलला गेला. घाबरलास." ड्रायव्हरला याहून मोठी शिवी नाही. हॉस्पिटलमध्ये पाय टांगलेला असताना तू मला विचारलंस, "तुला तरी पटतंय ना माझं?" त्या क्षणी ती झडप माझ्या डोळ्यांसमोर आली होती, दादा. एकदाच आली. मी तुला म्हटलं, "तू आराम कर." नंतर मी ती पुन्हा येऊ दिली नाही. इतकी नाही, की टाकी बदलू नका म्हणून मीच भांडले.

रात्र होऊ दिली नाही, लगेच बाबांना गाठलं. मागच्या अंगणात नळाखाली हात धूत होते, धुतलेलेच पुन्हा.

"कधी उघडली होती?"

"तो दवाखान्यात होता तेव्हा. आठव्या दिवशी."

"म्हणजे तो जायच्या आधी."

"हो."

"मग सांगितलं का नाही त्याला?"

त्यांनी नळ बंद केला. "माफी मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. कारण तू होतीस. तुझं हे पहिलंच काम. तुला कळलं असतं की भावाचा पाय तुझ्यामुळं मोडला, तर तू परत पान्याला हात लावला असतास?"

"आणि त्याचं काय?"

"त्याचा राग माझ्यावर होता. रागावर माणूस उभा राहतो. तू राहिली नसतीस."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. काहीच केलं नाही. म्हातारे झालेत रे. हात थरथरतात, पिवळे ठिपके आता फुटून पसरतात.

पण तेव्हापासून मला इथं श्वास घेववत नाही. दोनदा मला मोठ्या रेसिंग टीमनं बोलावलं होतं, तुला आई बोलली असेल. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. बाबांचा एक मुलगा गेला, आता मीही गेले तर हे कसे जगतील, असा विचार करून. मला वाटायचं मी त्यांना सांभाळतेय. ते तर मला सांभाळत बसले होते, मुलगा गमावून. प्रत्येक "जेवलीस का", प्रत्येक "छान झालं काम", सगळ्याची किंमत तू देत होतास. या वर्कशॉपमधला एकही दिवस माझा नव्हता.

आज सकाळी ते म्हणाले, "नवी टाकी सांगितली आहे. जुनी शनिवारी भंगारात जाईल. विषय संपला."

मी म्हटलं, "दादाला लिहायचं आहे."

"नको. त्याला त्रास, तुला त्रास. आईला काय सांगशील?" मग हळूच म्हणाले, "मी असेपर्यंत तरी नको."

म्हणजे बघ. लिहिलं तर त्यांनी सहा वर्षं ज्यासाठी तोंड मिटलं ते मी एका पाकिटात घालून धुळीला मिळवते. नाही लिहिलं तर तू जन्मभर घाबरट, आणि मी ते रोज जेवते, रोज अंथरुणावर घेऊन पडते. दोन्हीकडून दार बंद. दुपारभर मी गाडीखाली पडून होते, पाना हातात, एकही बोल्ट न फिरवता.

मग उठले. रिव्हेट ड्रिलनं उडवले आणि डावी झडप सोडवली. ती या पत्रासोबत पाठवतेय. तळहाताएवढीच आहे. बिजागरीच्या कोणत्या बाजूला रिव्हेटची डोकी आहेत ते बघ, तुला एका नजरेत कळेल. कुणी विचारलं तर दाखव. तुझा पाय उचलला गेला नव्हता.

ये असं म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, तो तुझा हक्क आहे, मी मागायचा नाही. बाबांवर मात्र फार चिडू नकोस. चिडायचं तेवढं माझ्यावर चीड, पत्ता तुझ्याकडे आहे.

शटर अर्धंच वर आहे. बाबा बाहेर स्टुलावर बसलेत. दुसरा रस्ता नाही, या पाकिटाला त्यांच्यासमोरूनच जावं लागेल. ते विचारतील काय आहे. मी सांगणार आहे.

तुला लागले तेव्हा न सापडलेली,
दहा नंबर

ता. क. नावाखाली माझी खूण केली आहे. पांढऱ्या कागदावर पांढरा रंग दिसणार नाही. बोट फिरव, लागेल.